बर्ड फ्लू, चिकनचं दुकान आणि आमचा ओटा : महानगरपालिका आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त महोदय,
तसेच महानगरपालिकेचे आरोग्य अधिकारी, पशुवैद्यकीय अधिकारी आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यातले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. राज्यातल्या कुठल्याही महानगरपालिकेच्या आयुक्तांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं. जे मला आमच्या प्रभागात दिसतं, तेच दुसऱ्या शहरात राहणाऱ्या माझ्या बहिणीलाही दिसतं.

मी घरगुती डबे देते. रविवार, बुधवार, शुक्रवार चिकन आणि मधल्या वारांना एखादी अंडाकरी, असा माझा आठवडा. घरात दमा असलेल्या सासूबाई आहेत, रांगणारी नात आहे, एक मांजर आहे. चिकन धुणं, साफ करणं, मसाला लावणं यात माझे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताईंचे हात असतात. म्हणून बर्ड फ्लूची बातमी आली की बाकीच्या लोकांसाठी ती टीव्हीवरची बातमी असते, आमच्यासाठी ती आमच्या हातांबद्दलची असते. आणि त्याच दिवशी फोन यायला लागतात, “काकू, आठवडाभर चिकन नको, व्हेजच द्या.” म्हणजे आजाराची काळजीही माझी आणि अफवेचा तोटाही माझाच. दोन्ही बाजूंनी मार बसणारी बाई म्हणून मी हे लिहिते आहे.

पत्राचं निमित्त असं. शेजारच्या तालुक्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा तुमच्याकडून एक पत्रक निघालं. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, चिकन आणि अंडी पूर्ण शिजवून खावीत. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण संपूर्ण पत्रकात नागरिकांनी काय करावं एवढंच होतं. महानगरपालिका काय करणार, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

शिजवून खाण्याचा सल्ला आम्हाला नवा नाही. हा विषाणू सत्तर अंश सेल्सिअसला मरतो. आमचा रस्सा खळखळून उकळतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, सुकं चिकनही झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजतं. मराठी घरात अर्धंकच्चं चिकन कुणी ताटात वाढत नाही. ताटातल्या चिकनपासून आम्हाला भीती नाही. भीती आहे ती चिकन पातेल्यात पडण्याआधीची: दुकानातला पिंजरा, पिसं काढायचं यंत्र, सुरी, ओंडका, पिशवी, आमचं सिंक, आमची नखं. त्या वाटेवरचा मोठा भाग तुमच्या अखत्यारीत येतो, आणि नेमकं त्याबद्दलच तुम्ही बोलत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. माणसांना बर्ड फ्लू झाल्याच्या बहुतेक घटनांमध्ये आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांना हाताळणं, त्यांची पिसं काढणं, जिवंत कोंबड्यांच्या बाजारात वावरणं हेच कारण सापडलं आहे. २००३ पासून जगभरात एच५एन१ या बर्ड फ्लूच्या घातक प्रकाराची नऊशेहून जास्त माणसांना लागण झाल्याची नोंद आहे, आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. आकडा लहान आहे, आजार माणसातून माणसात सहज पसरत नाही, हेही तितकंच खरं. पण ज्याला झाला त्याच्यासाठी तो साधा सर्दी-खोकला नसतो. भारतात एच५एन१ने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ची आहे, हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये गेला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पालनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी गेली. घरात चिकन साफ करताना तिच्या हातात कच्चा तुकडा दिला होता आणि तिने तो खाल्ला, असं घरच्यांनी सांगितलं. तेच चिकन शिजवून खाल्लेल्या बाकीच्यांना काही झालं नाही. ही बातमी वाचली त्या दिवसापासून चिकन साफ होत असताना माझी नात स्वयंपाकघरात नसते. आपल्या मेळघाटातही २०१९ मध्ये सतरा महिन्यांच्या एका बाळाला एच९एन२ या पक्ष्यांच्याच, पण सौम्य प्रकारच्या फ्लूची लागण सापडली होती. देशातली ती पहिली नोंद.

महाराष्ट्राला तर हा आजार नवीन म्हणताच येणार नाही. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि त्याच दिवसांत मुंबईत कावळे, ठाण्यात बगळे मेलेले सापडले. पुढच्याच महिन्यात नवापुरात पुन्हा. २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातलं वेहळोली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे, उरणजवळ चिरनेरला घरगुती कोंबड्या. इतकं सगळं आपल्याच राज्यात घडून गेल्यावरही शहरातल्या घरासाठी तुमच्याकडे चार ओळींपलीकडे काही नसावं, याचं मला वाईट वाटतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली मेलेल्या पक्ष्यांबद्दल. आमच्या इमारतीच्या गच्चीवर ओळीने कावळे मरून पडले. एखादा कावळा मांजाने मरतो, उन्हाने मरतो, कुणी घातलेल्या विषानेही मरतो, हे मला माहीत आहे. पण शेजारच्या तालुक्यात रोग असताना एकाच ठिकाणी एकापेक्षा जास्त कावळे मेले तर ते कळवायलाच हवं. कळवायचं कुणाला? घनकचरा विभाग म्हणाला, हे आरोग्याचं काम. आरोग्य विभागाने पशुवैद्यकीय विभागाचा नंबर दिला. तिथे सांगितलं की रानपक्षी आहेत, वनखात्याला फोन करा. वनखात्याचा फोन लागलाच नाही. शेवटी सकाळी घंटागाडीबरोबर आलेल्या सफाई कामगाराने ते कावळे उघड्या हातांनी उचलले आणि ओल्या कचऱ्यात टाकले. त्याला हातमोजे नव्हते, मास्क नव्हता. मी घरातून आणून दिले तोवर काम उरकलं होतं. नमुना कुणीच घेतला नाही. ते कावळे कशाने मेले हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुम्हालाही नाही.

त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. शहरात बर्ड फ्लू शिरला तर सगळ्यात आधी तो त्याच्या हाताला लागेल. मग त्या हातांनी तो घरी जाऊन लेकराला घास भरवेल.

शहराला या आजाराची पहिली खबर पोल्ट्रीतून मिळेलच असं नाही. २०२०च्या डिसेंबरअखेर राजस्थानातल्या झालावाडमध्ये आणि लगोलग इंदूरमध्ये कावळेच मेले होते. मुंबई-ठाण्यातही पक्षीच आधी दिसले. पितृपक्षात आमच्या इमारतीतली अर्धीअधिक घरं गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवतात. कावळा शिवला की घरातली माणसं समाधानाने जेवायला बसतात. इतक्या जवळचा पक्षी मरून पडतो, तेव्हा त्याची नोंद घेणारं कुणी नसावं? जानेवारी २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने मेलेले पक्षी कळवण्यासाठी १९१६ हा एकच नंबर दिला होता, आणि पक्षी खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या सूचना दिल्या होत्या. म्हणजे हे करता येतं. साथ ओसरली की विसरायचं, एवढंच करायला नको.

दुसरी तक्रार दुकानांबद्दल, आणि ही सगळ्यात मोठी आहे.

आमच्या बाजारात चिकनची दुकानं एकाला एक लागून आहेत. जिवंत कोंबड्यांचे पिंजरे रस्त्याच्या कडेला, त्यावर एकावर एक चढवलेले. वरच्या पिंजऱ्यातली विष्ठा खालच्या पक्ष्यांच्या अंगावर. बाजूलाच शाळेत जाणारी मुलं उभी. गिऱ्हाईक बोट दाखवतं, माणूस कोंबडी बाहेर काढतो, मान कापतो, ड्रममध्ये टाकतो, फडफड थांबली की पिसं काढायच्या यंत्रात. ते यंत्र फिरतं तेव्हा पाण्याचे, रक्ताचे, पिसांचे बारीक तुषार हवेत उडतात. आजारी पक्षी असेल तर विषाणूही त्या तुषारांत असतो, आणि समोर उभा राहिलेला प्रत्येक जण तो श्वासावाटे आत घेतो. मग त्याच ओंडक्यावर, त्याच सुरीने पुढची कोंबडी. ज्या हातांनी मान धरली त्याच हातांनी सुट्टे पैसे. पायात स्लीपर, अंगावर कालचाच एप्रन. हात धुवायला नळ आहे, पण साबण मी क्वचितच पाहिला आहे.

दुकानदाराला मी दोष देत नाही. मी ज्यांच्याकडून घेते ते भाऊ माझ्यासाठी सुरी वेगळी ठेवतात, पहाटे फोनवर आज माल कुठून आला ते सांगतात. त्यांना कुणी शिकवलंच नाही, आणि कुणी तपासायलाही येत नाही. दुकानाला परवानगी देण्याचा अधिकार महानगरपालिकेला आहे, अन्नसुरक्षेचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं, कोंबडीच्या आजाराचं काम पशुसंवर्धन खात्याचं. तीन खाती आहेत, पण पिंजऱ्यासमोर उभं राहून बघणारा एकही अधिकारी नाही. परवान्याचा कागद भिंतीवर टांगलेला असतो, पण त्याच भिंतीखालच्या गटारात रक्त वाहत असतं.

पोल्ट्रीत रोग सापडला की केंद्राच्या कृती आराखड्याप्रमाणे एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. गावात याचा अर्थ लागतो. शहराच्या वेशीवरच्या शेडमध्ये रोग सापडला तर दहा किलोमीटरमध्ये जवळजवळ अख्खं शहर येतं, शेकडो चिकनची दुकानं येतात. तिथे निगराणी म्हणजे नेमकं काय करणार, कुठल्या दुकानातले नमुने घेणार, पिंजरे कधी रिकामे करून धुणार, हे लिहिलेलं मला कुठेही वाचायला मिळालं नाही. दिल्लीत जानेवारी २०२१ मध्ये गाझीपूरची कोंबडीबाजारपेठ काही दिवस बंद ठेवावी लागली होती. आपल्या शहरात तशी वेळ आली तर दुकानं बंद कोण करणार आणि उघडण्याआधी कोण तपासणार? दुकानदाराच्या बुडालेल्या दिवसांचं काय, हेही आत्ताच ठरवा. पोल्ट्रीवाल्याला मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. दुकानात बसणाऱ्या माणसाला काहीच मिळत नाही. म्हणून पिंजऱ्यातली एक कोंबडी मलूल झाली तर तो ती कळवत नाही, आधी तीच कापून विकतो. पोटापाण्याचा प्रश्न असला की माणूस असंच वागणार, आणि नियम करताना हे लक्षात घेतलं नाही तर नियम कागदावरच राहतील.

तिसरी गोष्ट दुकानातून निघणाऱ्या कचऱ्याची. आतडी, डोकी, पाय, पिसं संध्याकाळी पिशव्यांत भरून कोपऱ्यावर ठेवतात. रात्री कुत्री-मांजरं त्या फोडतात, पहाटे कावळे आणि घारी. कोंबडीतला विषाणू शहरातल्या बाकी प्राण्यांत पोचायला याहून सोपा रस्ता नाही. गोरेवाड्यातल्या वाघांना संसर्ग कोंबडीच्या मांसातून झाला असावा असा तेव्हा अंदाज होता. २०२५च्या सुरुवातीला शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मांजरांमध्ये एच५एन१ सापडला. मांजर म्हणजे आमच्या घरात सोफ्यावर झोपणारा प्राणी. आमच्या परिसरात दुकानदार प्रेमाने रोज मांजरांना कच्चे तुकडे टाकतात आणि तीच मांजरं नंतर लोकांच्या घरात शिरतात. माझ्या मांजराला मी फक्त शिजवलेलं देते, बाहेर सोडत नाही. पण हे प्रत्येक घराला एकेकटं कळायची वाट बघायची का?

चौथी तक्रार माहितीबद्दल. “घाबरू नका” म्हटल्याने कुणाची भीती जात नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली तेव्हा सगळ्या यंत्रणा हेच सांगत होत्या, तरी कोंबडी मातीमोल झाली, शेतकऱ्यांनी पिल्लं जिवंत पुरली. लोकांना काय करायचं ते नेमकं सांगितलं की लोक शांत होतात. माझ्या गिऱ्हाइकांना मी मोबाइलवर एक मोठा संदेश पाठवते, त्यात मी चिकन कुठून आणते, कसं साफ करते, किती वेळ शिजवते ते लिहिते. ज्यांनी तो वाचला त्यांचे डबे बंद होत नाहीत. एका बाईला जे जमतं ते संपूर्ण प्रसिद्धी विभागाला का जमू नये?

आणि सांगायचं ते आमच्या स्वयंपाकघराला धरून सांगा. परदेशी सल्ला म्हणतो, चिकन धुऊच नका, कारण नळाखाली धुताना तुषार ओट्यावर, भांड्यांवर उडतात. बरोबर आहे. पण तिकडे चिकन साफ होऊन बंद पाकिटात येतं. आमच्याकडे ते पिसांच्या खुंटांसकट, रक्ताने माखलेलं, पातळ काळ्या पिशवीत येतं. ते न धुता हळद-मीठ लावा असं कुठल्या बाईला सांगाल? माझ्याकडे याचा मार्ग असा आहे: चिकन मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात हळूच बुडवायचं, नळाची धार सोडायची नाही, आजूबाजूला कोशिंबिरीची काकडी, धुतलेली भांडी, चिरलेली कोथिंबीर काही ठेवायचं नाही. ते पाणी हळूच मोरीत ओतायचं. मग सिंक, नळाची मूठ, सुरी आणि विळी साबणाने घासायची. विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि तो निकामी होतो, म्हणून साध्या साबणाला कमी लेखायचं नाही. पिशवी बांधून थेट कचऱ्यात. चिकनची सुरी आणि पाट भाजीला वापरायचा नाही. हात वीस सेकंद, मनगटापर्यंत, नखांतून. आणि हे सगळं झाल्याशिवाय फ्रिजचं दार, मोबाइल, मीठाचा डबा यांना हात लावायचा नाही. मीठाचा डबा ही प्रत्येक स्वयंपाकघरातली विसरली जाणारी जागा आहे.

फ्रिजरमध्ये ठेवल्याने विषाणू मरतो असा पुष्कळांचा समज आहे. मरत नाही, थंडीत तो उलट जास्त टिकतो. कोंबडीच्या विष्ठेत चार अंशाला तो महिन्याहून जास्त तग धरतो असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं आहे. चिकन फ्रिजमध्ये ठेवायचं तर झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दह्यावर गळणार नाही.

अंड्यांबद्दल तर कुणी बोलतच नाही. साथीच्या दिवसांत पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवायचं, हाफ फ्राय बंद, जिममध्ये जाणाऱ्या पोरांची दुधातली कच्ची अंडी बंद. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२१ मध्ये हेच सांगितलं होतं, पण ते आमच्या नाक्यावरच्या भुर्जीच्या गाडीपर्यंत पोचलंच नाही. पुठ्ठ्याचे ट्रे पोल्ट्रीतून दुकानात, दुकानातून परत पोल्ट्रीत फिरत असतात. विष्ठेने माखलेला ट्रे लोक घरी नेऊन ओट्यावर ठेवतात. अंडी दुकानातच पिशवीत घ्यावीत, टरफलाला हात लागला की हात धुवावेत, हे सांगायला खर्च येत नाही.

बाल्कनीतल्या कबुतरांबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. कबुतरांना एच५एन१ची लागण कोंबड्यांइतकी सहज होत नाही. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे दुसरे आजार होतात, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. घरासाठी खबरदारी मात्र तीच: वाळलेली विष्ठा झाडूने झाडायची नाही, आधी ओली करायची, मास्क लावायचा, गच्चीवरच्या टाकीची झाकणं घट्ट बसवायची. कबुतरखान्यांवरून शहरात मोर्चे निघतात, सभा होतात. चिकनच्या दुकानातल्या साबणासाठी कुणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही.

पाचवी आणि शेवटची तक्रार दवाखान्यांबद्दल, थोडक्यात. महानगरपालिकेच्या दवाखान्यात ताप-खोकल्याचा माणूस आला तर “कोंबडी, मेलेले पक्षी, चिकनच्या दुकानातलं काम, असा काही संपर्क आला होता का” हा प्रश्न कुणी विचारत नाही. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिवीर पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर जास्त गुण येतो. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जायला हवा, तो जाण्यासाठी आधी कुणाच्या तरी मनात शंका यायला हवी. चिकनच्या दुकानात काम करणारी मुलं तापात मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर येतात. त्यांना हा प्रश्न विचारणारं कुणीच नसतं.

आता मागण्या. मी त्या जमतील एवढ्याच मांडते.

मेलेला पक्षी कळवण्यासाठी चोवीस तास चालणारा एकच नंबर द्या, आणि फोन उचलणाऱ्याने पुढच्या खात्याचा नंबर देऊ नये, स्वतः कळवावं. एकाच जागी अनेक पक्षी मेले तर नमुना घ्या, तो पुण्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग प्रयोगशाळेत गेला का, निकाल काय आला, हे तक्रार करणाऱ्याला कळवा. निकाल “नाही” आला तरी कळवा. त्याने माणसं निश्चिंत होतात.

प्रत्येक सफाई कामगाराला आणि घंटागाडीवर चढणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो की कंत्राटी, जाड हातमोजे, मास्क आणि बंद पिशव्या द्या. मेलेला पक्षी कचऱ्यात जाणार नाही, चुना टाकून पुरला जाईल, याची जबाबदारी मुकादमाच्या नावावर लिहा.

चिकनच्या दुकानांसाठी वेगळं पथक नेमा, ज्यात पशुवैद्यक असेल. पिंजरे रस्त्यापासून आत, एकावर एक चढवताना मध्ये ट्रे. पिसं काढायच्या यंत्राला झाकण आणि गिऱ्हाइकापासून आडोसा. वाहतं पाणी आणि साबण. दिवसाच्या शेवटी पिंजरे, ओंडका, सुऱ्या जंतुनाशकाने धुणं, आणि आठवड्यातून एक दिवस सगळे पिंजरे पूर्ण रिकामे. हा रिकामा दिवस सगळ्या दुकानांना एकच ठेवा, म्हणजे कुणाचं गिऱ्हाईक तुटणार नाही. दंड लावण्याआधी दुकानदारांना प्रशिक्षण द्या, आणि मलूल पक्षी कळवणाऱ्याला त्या पक्ष्याची किंमत मिळेल अशी सोय करा.

दुकानांचा कचरा रोज रात्री झाकलेल्या वेगळ्या गाडीने उचला.

दवाखान्यांत पक्ष्यांशी संपर्काचा प्रश्न केसपेपरवर छापा. औषधाचा साठा ठेवा. दुकानांत काम करणाऱ्यांना ताप आला तर त्यांची तपासणी मोफत आणि त्याच दिवशी व्हावी.

आणि घराघरासाठी एक पानाचं पत्रक काढा, मराठीत, हिंदीत, उर्दूत, जे या शहरातल्या ओट्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईला उपयोगी पडेल. चिकनच्या प्रत्येक दुकानात, अंड्याच्या प्रत्येक गाडीवर, प्रत्येक सोसायटीच्या फलकावर ते लावा. ते तयार करताना पशुवैद्यक आणि डॉक्टरांबरोबर डबे देणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांनाही बोलवा. बोलावलंत तर मी येईन, माझ्यासारख्या आणखी बायका घेऊन येईन.

या पत्राची प्रत मी प्रभाग कार्यालयात देऊन आवक शिक्का घेतला आहे. उत्तर लेखी हवं आहे, आणि त्यात प्रत्येक मागणीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि कामाची तारीख हवी. थंडीत पाणथळ जागांवर बाहेरचे पक्षी येतात आणि आपल्याकडचे बहुतेक उद्रेक त्याच महिन्यांत होतात. म्हणून हे उत्तर सप्टेंबर संपायच्या आत द्यावं, ही विनंती.

आपली,
घरगुती डबे देणारी एक नागरिक